चार नंबरवरची टाच

मित्रांनो, मी मोजे विणण्याचे एक जुने यंत्र आहे. एवढे एक वाक्य मी खात्रीने सांगू शकतो. पुढचे सगळे आठवणीतले आहे, आणि लोखंडाला चढतो तसा गंज आठवणीलाही चढत असावा. कुठे चुकलो तर सांभाळून घ्या.

दिसायला मी फार काही नाही. टेबलाच्या कडेला पेचाने आवळलेले तांब्याएवढे एक उभे नळकांडे आणि त्याच्याभोवती उभ्या बहात्तर सुया. प्रत्येक सुईच्या टोकाला आकडा आणि आकड्याला इवलीशी झडप. ती पापणीसारखी उघडते नि मिटते. बाजूला दांडा. दांडा फिरवला की लोकर सुयांभोवती धावते आणि विणलेली नळी खालून हळूहळू उतरू लागते. ती ताणलेली राहावी म्हणून तिला खाली एक लोखंडी वजन टांगतात. एवढाच माझा संसार.

माझा जन्म ओतशाळेत झाला. तिथल्या कारागिराने माझ्या बहात्तर खाचा कानशीने एकेक करून घासल्या. तो शीळ घालत काम करी. माझ्या अंगात थोडाफार ताल आहे तो त्याच्याकडून आला, असे मी मानतो. तोही मनाचा खेळ असेल. पुढे भुशाने भरलेल्या पेटीतून मला एका थंड गावातल्या मोज्यांच्या कारखान्यात आणले. माझ्या टेबलावर पांढऱ्या रंगाने चारचा आकडा काढला. तेव्हापासून मी चार नंबर.

कारखाना म्हणजे दोन खोल्या. पुढची मोठी, उंच खिडक्यांची. तिथे आम्ही बारा यंत्रे आणि आमच्यावर बारा पुरुष. मागची खोली अरुंद. तिथे बाकांवर बसून बायका मोज्यांचे चवडे शिवीत. मोजा यंत्रावरून उतरला तरी बोटांकडची त्याची कड उघडी राहते, आणि ती हातानेच, सुईदोऱ्याने बंद करावी लागते. मधल्या भिंतीत एक चौकोनी खिडकी होती. पुढून मोज्यांचे गठ्ठे तिच्यातून मागे जात, आणि प्रत्येक गठ्ठ्याला यंत्राच्या नंबराची चिठ्ठी असे.

बायका पुढच्या खोलीत येत त्या फक्त सकाळी, पुरुष यायच्या आधी, झाडलोट करायला. दांड्याला हात लावायची मात्र त्यांना सक्त मनाई. बाईचा हात लागला की सुया मोडतात, असा कारखान्यात पक्का समज होता. कुणाची सुई मोडली की शेजारचा हमखास विचारी, "काय रे, सकाळी कुणी दांडा कुरवाळला वाटतं?" आणि सगळे हसत. मीही मनातल्या मनात हसत असे. खोटे कशाला सांगू, मित्रांनो? मला ते खरेच वाटे.

माझ्यावर जे काम करीत त्यांना सगळे मामा म्हणत. आमच्या कारखान्यात मामांची टाच नावाजलेली होती.

टाच म्हणजे काय ते सांगतो. सरळ नळी कुणीही विणेल. पण पाय घोट्यापाशी वळतो, तेव्हा मोज्यालाही वळावे लागते. त्यासाठी अर्ध्या सुया वर उचलून सुट्टीवर पाठवायच्या. उरलेल्या अर्ध्यांवर दांडा पुरता न फिरवता पुढे-मागे, पुढे-मागे करायचा. दर फेरीला कडेची एक सुई वर उचलायची. मग तशाच एकेक करून साऱ्या खाली आणायच्या. एक सुई चुकली की टाच वाकडी. मामा हे सगळे गप्पा मारत करीत. तीस वर्षे त्यांनी केले.

मग त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला.

मला ते इतरांच्या आधी कळले. मामांची बोटे सुयांवरून चाचपडू लागली. झडप उघडी आहे की मिटलेली, ते नखाने तपासू लागले. डॉक्टरांनी सांगितले होते की मोतीबिंदू अजून पिकलेला नाही, शस्त्रक्रियेला वर्षभर तरी थांबावे लागेल. वर्षभर! मालकांना कळले असते तर मामांना घरी बसावे लागले असते, आणि एकदा रिकामी झालेली जागा पुन्हा कुणाला मिळाल्याचे कारखान्यात कुणी ऐकले नव्हते. मामांच्या बायकोला सगळे मामी म्हणत. त्या मागच्या खोलीत चवडे शिवीत, पण दोघांचे घर चालायचे ते मुख्यतः माझ्या दांड्यावर.

एके दिवशी भल्या सकाळी मामी झाडू घेऊन आल्या आणि त्यांच्यामागून, भिंतीला हात लावत, मामा.

"तू नुसते डोळे हो," मामा म्हणाले. "हात माझेच."

"आणि सुई मोडली तर?"

"मोडली तर माझ्या हातनं मोडली."

मामी माझ्यावर ओणव्या झाल्या. हात पाठीमागे घट्ट बांधलेले, जणू माझ्या अंगाला विस्तव आहे.

"ही वर घ्या. ही नाही हो, हिच्या अलीकडची. अहो, अलीकडची! पलीकडं कुठं निघालात?"

"अलीकडं म्हणजे माझ्या अलीकडं का तुझ्या?"

"यंत्राच्या!"

असे चार दिवस चालले. दोन तासांत एक मोजा होई, आणि तोही, मामी म्हणत, नाक मुरडलेल्या माणसासारखा दिसे. पाचव्या दिवशी मामींचा धीर सुटला.

"सरका बघू बाजूला," त्या म्हणाल्या. "तुम्हाला समजावण्यात जेवढा वेळ जातोय, तेवढ्यात माझी टाच होऊन जाईल."

मामा सरकले. मामींचा हात दांड्यावर आला. तो गार होता आणि थरथरत होता. मी सगळ्या सुया आवळून वाट पाहत राहिलो. आता मोडेल, आता मोडेल. एकही मोडली नाही. मला, खरे सांगायचे तर, थोडे ओशाळल्यासारखे झाले.

मग त्यांची एक रीतच बसली. रोजची झाडलोट मामींनी आपल्याकडे घेतली. अंधूक उजेड आला की त्या येत, झटपट केर काढीत आणि माझ्यापाशी बसून पुरुष यायच्या आत जमतील तेवढे मोजे विणून खणात ठेवीत. दिवसा मामा गुडघ्याच्या पट्ट्या विणायचे काम मागून घेत. त्या पट्ट्या म्हणजे नुसत्या नळ्या. त्यांना टाच नसते, डोळेही लागत नाहीत. संध्याकाळी पट्ट्या आणि मोजे एकाच चिठ्ठीखाली खिडकीतून जात. चिठ्ठीवर चार. चार म्हणजे मामा.

एक गोष्ट मात्र त्या दोघांच्या ध्यानात आली नव्हती.

मी खिडकीजवळ असल्याने मागच्या खोलीतले बोलणे मला ऐकू येई. तिथे मोठ्या काकू म्हणून वयाने सगळ्यांत थोर बाई होत्या. त्यांच्या जिभेला धार होती आणि सुईला त्याहून. एके दुपारी त्या ओरडल्या, "अगं, चार नंबरला भोक नाही!"

"बघू! खरंच की. दोन्ही कोपऱ्यांत नाही."

"तीस वर्षांत पहिल्यांदा. मामांना शहाणपण सुचलं म्हणायचं."

मी चक्रावलो. कसले भोक? मोजा माझ्यातून खाली उतरला की मला तो दिसत नाही, त्यामुळे माझे अज्ञान फार मोठे होते. ऐकता ऐकता उलगडा झाला. सुट्टीवर गेलेल्या सुया आणि कामावरच्या सुया जिथे पुन्हा भेटतात, तिथे टाचेच्या दोन्ही कोपऱ्यांत वाटाण्याएवढे भोक राहते. बाराही यंत्रांवर ते राहायचे. बायका चवडा शिवता शिवता ते भोकही बुजवून टाकायच्या. त्यांना कुणी सांगितले नव्हते आणि त्यांनीही कुणाला सांगितले नाही. पुढच्या खोलीतल्या बारा पुरुषांना आपल्या मोज्याला भोक असते हेच ठाऊक नव्हते!

मामींनी मात्र उभा जन्म ती भोके बुजवली होती. दांडा हातात आल्यावर त्या कोपऱ्यापाशी थांबत, शेजारच्या टाक्याचा एक फास चिमटीने उचलीत आणि सुईवर चढवीत. भोक पडायच्या आधीच बुजे. यात आपण काही वेगळे करतो आहोत, हे त्यांना वाटलेही नव्हते.

"तू का गं मान खाली घालून बसलीस?" मोठ्या काकूंनी मामींना विचारले. मग काकूच हळू आवाजात म्हणाल्या, "झाडलोट हल्ली रोज तूच करतेस, नाही का?"

मामींनी दोरा तोडल्याचा आवाज आला.

"बरं," काकू म्हणाल्या. "पोरींनो, कुणी विचारलं तर आपलं लक्ष नव्हतं. आपलं लक्ष कुठंच नसतं, हे सगळ्या गावाला माहीतच आहे."

त्या खोलीतल्या बायकांनी ही गोष्ट अकरा महिने पोटात ठेवली आणि कुणाला दाद लागू दिली नाही.

शस्त्रक्रियेची तारीख ठरली. आणखी पाच आठवडे निभावले की झाले, असे दोघे म्हणू लागले. आणि नेमके त्याच आठवड्यात, डोंगरातले रस्ते साफ ठेवणाऱ्या खात्याचे साहेब कारखान्यात आले. त्यांची माणसे दिवसभर बर्फातून चालत, आणि त्यांचे मोजे आमच्याकडून जात.

"दर हिवाळ्यात निम्म्या माणसांच्या टाचेला फोड येतात," साहेब मालकांना म्हणाले. "मोज्याच्या कोपऱ्यात कसली तरी गाठ असते, ती घासते. पण या चार नंबरच्या चिठ्ठीच्या मोज्यात गाठ नाही. ते घालणाऱ्या एकालाही फोड आला नाही. मला यापुढे सगळे मोजे असेच हवेत. नाही जमलं, तर मला दुसरीकडं बघावं लागेल."

मालकांची छाती फुगली. त्यांनी मामांच्या पाठीवर थाप मारली. "मामा, छुपे रुस्तम निघालात की! उद्या सकाळी सगळ्यांना ही टाच शिकवायची. सगळे इथं गोळा होतील."

मामांच्या तोंडचे पाणी पळाले. मला ते दांड्यावरून कळले; त्यांच्या तळव्याला घाम फुटला होता.

दुसऱ्या दिवशी दोघे नेहमीपेक्षा लवकर आले. मामींच्या हातात झाडू नव्हता.

"सांगून टाका," त्या म्हणाल्या.

"पाच आठवडे राहिलेत गं. आज कसंतरी निभावतो. बोटांना सवय आहे."

"बोटांना भोकाची सवय आहे."

"तीस वर्षांची इज्जत आहे माझी या खोलीत."

"आणि माझे अकरा महिने?" मामी म्हणाल्या. "ते कुठं आहेत? चिठ्ठीवर तुमचा नंबर, पाठीवर थाप तुमच्या. मी कधी काही म्हटलं नाही. तुमची जागा टिकावी म्हणून केलं, आनंदानं केलं. पण आज तुम्ही माझी टाच तुमची म्हणून शिकवायला निघालात, तीही न दिसता."

बाहेर पावले वाजली तशा मामी मागच्या खोलीत निघून गेल्या.

अकरा पुरुष माझ्याभोवती उभे राहिले. मालक खुर्ची घेऊन बसले. पाच नंबरवरचे तात्या सगळ्यांत पुढे होते. मामांची टाच आपल्यापेक्षा वरचढ म्हणतात, ही त्यांची जुनी ठसठस. मामांनी दांडा धरला. घोट्यापर्यंतची नळी छान उतरली. त्यांनी अर्ध्या सुया चाचपून वर केल्या. पुढे, मागे. पुढे, मागे. मला सगळे कळत होते आणि काही करता येत नव्हते. लोकरीचा धागा, त्याला सुयांपर्यंत वाट दाखवणाऱ्या कडीतून निसटला होता. मला तो निसटलेला जाणवत होता. मामांना दिसत नव्हता. त्यांनी दांडा फिरवला, आणि रिकाम्या सुयांवरून अख्खा मोजा सुटून वजनासकट जमिनीवर आदळला. धप्प!

कुणी हसले नाही. तीस वर्षांत मामांचा मोजा पडलेला कुणी पाहिला नव्हता.

मामांनी दांडा सोडून दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"मला दिसत नाही," ते म्हणाले. "अकरा महिने झाले. साहेबांनी नावाजली ती टाच माझी नाही. हिची आहे."

"हिची म्हणजे कुणाची?" मालकांनी विचारले.

"मामींची!" मागून आवाज आला. खिडकीत मोठ्या काकूंचे तोंड होते, आणि त्यांच्या खांद्यांवरून आणखी सहा-सात तोंडे. "आणि मालक, आता विषय निघालाच आहे तर ऐका. ती गाठ आमची. तुमच्या या बारा शूरवीरांच्या मोज्याला दोन-दोन भोकं असतात. ती बुजवली की गाठ येते. तीस वर्षं बुजवतोय."

"भोकं? आमच्या मोज्याला?" तात्या उसळले. "उगाच काहीतरी! आम्ही कधी पाहिली नाहीत."

"तुमच्याकडं परत यायच्या आधी आम्ही बुजवतो ना! कशी दिसतील?"

मालकांनी कपाळ पुसले. त्यांना राग आला होता का, ते मला आजही ठरवता आलेले नाही. पण साहेबांचा शब्द त्यांच्या कानात असणार. ते म्हणाले, "मामींना बोलवा. सगळे बाहेर व्हा, दार लावून घ्या. मला एकट्याला दाखवू दे त्यांना."

मामी दारातून आल्या. खिडकीतून नव्हे, दारातून, दिवसाउजेडी.

"दार उघडं असू दे," त्या म्हणाल्या. "शिकायचंय ना यांना? मग बघू देत."

त्या बसल्या. पडलेला मोजा बाजूला ठेवला, नवी लोकर ओवली. हात गार होता, पण या खेपेला थरथरत नव्हता. नळी झाली. टाच सुरू झाली. आणि मित्रांनो, कसे सांगू, सातव्या फेरीला माझी एक सुई मोडली. कट्. माझा त्यात काही हेतू नव्हता. जुनी झाली होती, मोडली.

"झालं!" तात्यांनी टाळी वाजवली. "मी काय म्हणत होतो? बाईचा हात लागला की..."

मामींनी मान वर केली नाही. मोडकी सुई चिमट्याने उपसली, नवी खाचेत सरकवली, टाका तिच्यावर चढवला आणि मग विचारले, "तात्या, या महिन्यात तुम्ही किती सुया नेल्यात सामानखोलीतून?"

सामानखोलीचे कारकून दारातच उभे होते. त्यांना खरे बोलायची वाईट खोड होती. "नऊ," ते म्हणाले.

"मग तुमच्या यंत्राला कुठल्या बाईचा हात लागतो हो?" मोठ्या काकू खिडकीतून म्हणाल्या. "घरी सांगू का?"

खोली हसण्याने भरून गेली. मालकही हसले. तात्यांचे कान लाल झाले, पण शेवटी तेही हसले; त्यांना दुसरा मार्गही नव्हता. मामींनी कोपऱ्यापाशी थांबून फास उचलून दाखवला. "हे बघा. एवढंच." एवढेच होते. अकरा पुरुष चवड्यांवर उभे राहून पाहत होते.

त्या दिवसापासून चार नंबरवर मामी बसू लागल्या, आणि आठवड्याभरात सगळ्यांना ती टाच येऊ लागली. तात्यांना सर्वांत उशिरा आली.

तुम्हाला वाटेल, गोष्ट इथे संपली. मलाही वाटले होते. पण शस्त्रक्रिया झाली आणि दोनेक महिन्यांनी मामांचे डोळे निवळले. जाड चष्मा लावून ते कारखान्यात आले आणि मालक मोकळ्या मनाने म्हणाले, "छान झालं! बसा आता तुमच्या जागी. मामी, तुमचे उपकार विसरणार नाही. तुम्ही आता जा मागं."

मालकांच्या मनात काही वाईट नव्हते. त्यांना हे पाणी उताराकडे जावे इतके सरळ वाटले होते. मामींनी तेलाच्या फडक्याने मला पुसले. एकेक सुई पुसली, आधीच स्वच्छ असलेली. मग त्या उठल्या. मला इतके जड आजवर कधी वाटले नव्हते.

मामा बसले. दांडा हातात घेतला, मग सोडला.

"मालक, माझ्यापेक्षा हिची टाच बरी होते."

"होईल हो तुमचीही हळूहळू."

"होईल. पण ती आज तयार आहे. हिला राहू द्या. मी मागं बसतो."

"मागं?" मालकांना नीट ऐकू आले नाही असे वाटले. "बायकांत? चवडे शिवायला?"

"मग काय झालं? पायाला बोटं बायकांनाच असतात का?"

"मामा, उद्यापासून वेणी घालून या मग!" तात्या पाच नंबरवरून ओरडले.

मामांनी आपल्या टकलावरून हात फिरवला. "केस असते तर घातली असती रे. तुला आहेत, तू घाल."

आणि ते खरेच मागच्या खोलीत गेले. मग मोठ्या काकूंचा आवाज आला, "या. पण आधीच सांगते, इथं बोलता बोलता हात चालावा लागतो. तुम्हा लोकांना एका वेळी एकच जमतं."

"शिकेन," मामा म्हणाले.

मामी पुन्हा माझ्यापाशी बसल्या. त्यांनी दांड्यावर हात ठेवला. तो उबदार होता. माझा जीव भांड्यात पडला म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळले. खालचे वजनसुद्धा हलके झाल्यासारखे वाटले.

पुढची वर्षे भराभर गेली. शेजारी नवी पत्र्याची इमारत उठली, तिच्यात विजेवर चालणारी मोठी यंत्रे आली. पुरुष तिकडे गेले आणि आम्हा बाराजणांवर हळूहळू बायकाच बसू लागल्या. मालकांच्या जागी त्यांचे चिरंजीव आले. पाहुण्यांना घेऊन फिरताना ते सांगत, "हे हातयंत्राचं काम पहिल्यापासून बायकांचंच. नाजूक बोटं लागतात. पुरुषांना जमत नाही." आणि विजेच्या यंत्रावरचे तात्या मान डोलवून म्हणत, "पहिल्यापासून."

मी तोच होतो, मित्रांनो. सुया त्याच बहात्तर. माझ्या ऐकण्यात काही चुकत असेल म्हणून मी पुन्हा पुन्हा कान दिला. ते तेच म्हणत होते, आणि मनापासून.

याहून मोठा धक्का मला मामींनी दिला. तेव्हा त्या पुढच्या खोलीच्या प्रमुख होत्या. एक हमाल काम मागायला आला. आयुष्यभर पोती वाहून त्याची पाठ गेली होती. बसून करायचे काम त्याला हवे होते. घरी तीन माणसे त्याच्या तोंडाकडे पाहत होती. त्याची बोटे केळ्यांसारखी जाड होती. मामींनी ती पाहिली आणि सहज म्हणाल्या, "नाही हो भाऊ, हे तुमचं काम नव्हे. नाजूक काम आहे. बायकांचं आहे."

हमाल "बरं" म्हणाला आणि वळला. इतक्या पटकन वळला की नकार ऐकायची त्याला सवय असावी.

"अगं," खिडकीतून मामांचा आवाज आला. त्यांच्या हातात अर्धवट शिवलेला चवडा होता. "आत्ता काय बोललीस, ते पुन्हा एकदा बोल बघू. मला नीट ऐकायचंय."

मामींनी बोलायला तोंड उघडले, आणि तसेच उघडे राहिले. मग त्यांनी कपाळावर हात मारून घेतला आणि इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आले. त्या धावत दारापर्यंत गेल्या. "अहो भाऊ! थांबा! या मागं. माझी जीभ घसरली. या, बसा इथं."

तो माझ्यापाशी बसला. त्याचा तळवा खडबडीत होता आणि भीतीने गार पडलेला. पहिल्या दिवशी त्याने पाच मोजे जमिनीवर पाडले. मामी प्रत्येक वेळी म्हणाल्या, "पडू दे. पुन्हा घाला." सोळाव्या दिवशी त्याची पहिली सरळ टाच माझ्यातून उतरली. त्याने एक सुस्कारा सोडला, आणि तो अजून माझ्या पोटात आहे असे मला वाटते.

मग हातयंत्रे बंद झाली. मामा गेले, काही वर्षांनी मामीही. मला माळ्यावर टाकले. शेजारी रद्दी पुस्तकांचे गठ्ठे होते. सुयांवर गंज चढला, दांड्यात कोळ्याने जाळे विणले; माझ्यापेक्षा सुबक होते, मान्य करायला हवे. किती वर्षे गेली ते मला सांगता येणार नाही.

मला तिथून खाली आणले ते त्याच हमालाने. आता त्याचे केस पांढरे झाले होते. कारखाना विकला जातोय हे ऐकून तो मला मागायला आला होता. त्याने घासलेट लावून माझी एकेक सुई सोडवली, आणि आपल्या घराच्या पुढच्या खोलीत मला टेबलाला आवळले. आता तिथे जो येईल त्याला तो शिकवतो. मुली येतात, मुलगे येतात, एक निवृत्त शिक्षक येतात, आणि एक ट्रक चालवणाऱ्या बाई सुट्टीच्या दिवशी येतात. कुणी पुढे बसायचे, कुणी मागे, हे तिथे आधी कोण आले यावर ठरते.

मित्रांनो, उपदेश करायला मी घाबरतो. माझे स्वतःचेच समज इतक्या वेळा खोटे ठरले आहेत. तरी एवढे सांगतो. इतके हात माझ्या दांड्यावर आले. गार कळले, गरम कळले, घाबरलेले कळले, सरावलेले कळले. हा बाईचा, हा पुरुषाचा, असे मला एकदाही कळले नाही. ते नेहमी कुणीतरी शेजारी उभे राहून सांगायचे. तेव्हा कुणाला "हे तुझं काम नव्हे" म्हणण्याआधी त्याला एकदा दांडा धरू द्या, आणि पाच मोजे पाडू द्या.

आणि मला अधूनमधून तेल द्या. बाकी माझी काही तक्रार नाही. या, बसा. फक्त येताना हात धुऊन या. लोकर पांढरी आहे.